मॅग्नेशियम आणि मूत्रपिंड : एक अभ्यासपाठ



मॅग्नेशियमची फीत जाळली की डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश पडतो. झाडांच्या हरितद्रव्याच्या रेणूतही मॅग्नेशियमचा अणू असतो. हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो. हेच मूलद्रव्य आपल्या शरीरात काय काम करते आणि मूत्रपिंड, म्हणजे किडनी, दुबळी झाली की त्याचे काय होते, याची माहिती या पाठात देत आहोत. पालकांनीही हा पाठ अवश्य वाचावा, कारण त्याचा संबंध घरातल्या औषधांच्या डब्याशी आहे.

शरीरातील मॅग्नेशियम

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत आणि बाकीचे बहुतेक स्नायूंत व इतर पेशींत असते. रक्तात १ टक्क्याहूनही कमी असते. रक्ततपासणीत त्याचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे साधारण १.७ ते २.२ मिलिग्रॅम येते. प्रयोगशाळेनुसार या आकड्यांत थोडा फरक पडतो. स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश आणि हृदयाचे ठोके यांसाठी मॅग्नेशियम लागते. ज्वारी, बाजरी, डाळी, तीळ, शेंगदाणे आणि हिरव्या पालेभाज्या यांतून ते आपल्याला मिळते.

खाल्लेल्यापैकी काही भागच आतड्यांतून रक्तात जातो. जास्तीचे मॅग्नेशियम मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात आणि कमी पडू लागले तर राखून ठेवतात. हा हिशेब ती रोज बिनबोभाट सांभाळतात. म्हणून निरोगी माणसाला भाकरी-भाजीतल्या मॅग्नेशियमची चिंता करावी लागत नाही.

हिशेब कधी बिघडतो?

मूत्रपिंडे किती रक्त गाळतात याचा अंदाज क्रिएटिनिनच्या तपासणीवरून काढतात. हा आकडा मिनिटाला ६० मिलिलिटरपेक्षा कमी येऊन तीन महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंड विकार म्हणतात. तो ३० च्या खाली गेला की जास्तीचे मॅग्नेशियम बाहेर टाकणे कठीण होते. ते रक्तात फार साचले तर मळमळ, सुस्ती आणि स्नायूंचा अशक्तपणा येतो. पुढे रक्तदाब उतरतो, नाडी व श्वास मंदावतो आणि शेवटी हृदयही बंद पडू शकते.

उलट बाजूही आहे. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि आम्लपित्तावरील काही गोळ्या बरेच महिने घेतल्या तर मॅग्नेशियम कमी होऊ शकते. मग पेटके येतात, हात थरथरतात, ठोके अनियमित होतात. याचा अर्थ मूत्रपिंडाच्या रुग्णात मॅग्नेशियम वाढूही शकते आणि घटूही शकते. लक्षणांवरून अंदाज बांधू नये, तपासणी करूनच ठरवावे.

एक गणित

बद्धकोष्ठतेवर आणि जळजळीवर घेतल्या जाणाऱ्या पांढऱ्या पातळ औषधात अनेकदा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असते. त्याचे रेणुवस्तुमान २४ + २ × (१६ + १) = ५८. यात मॅग्नेशियमचा वाटा २४ भागिले ५८, म्हणजे सुमारे ४१ टक्के. बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये ४०० मिलिग्रॅम' असे लिहिले असेल तर ३० मिलिलिटर औषधात २४०० मिलिग्रॅम हायड्रॉक्साइड झाले. त्यात जवळजवळ १००० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आहे. दिवसभराच्या जेवणातून आपल्याला लागते ते साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम. निरोगी माणूस एखादा दिवस हा भार पेलतो. मूत्रपिंडे दुबळी असलेल्या आजोबांनी हेच औषध रोज रात्री घेतले तर ते जिवावर बेतू शकते. औषध तेच, पण घेणारे शरीर वेगळे.

पाण्याचे काय?

आपल्या जिल्ह्याच्या मोठ्या भागात दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यात मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात आणि पाणी जड होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात मॅग्नेशियम ३० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोय नसेल तर १०० मिलिग्रॅमपर्यंत चालते.

विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तेथील भूजल खारे असून अनेक गावांत मूत्रपिंडाचे रुग्ण आढळतात. आंध्रातील श्रीकाकुळम जिल्ह्याचा उद्दानम भागही अशाच आजाराने पोळला आहे. पाणी, उन्हातले कष्ट, शरीर कोरडे पडणे, वेदनाशामक गोळ्या अशी अनेक कारणे तपासली गेली आहेत. एकट्या मॅग्नेशियममुळे हा आजार होतो असे सिद्ध झालेले नाही. म्हणून 'पाणी जड, म्हणजे किडनी गेली' अशी भीती बाळगू नये. पण पाणी तपासून घ्यावे.

मॅग्नेशियम हे औषधही नाही. डेन्मार्क व नॉर्वे येथील १४८ मूत्रपिंड-रुग्णांवर वर्षभर प्रयोग झाला. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचणे थांबते का, हे त्यात पाहिले. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : गोळ्यांचा उपयोग दिसला नाही.

घरी काय करावे?

१. मधुमेह, रक्तदाब किंवा मुतखडा असलेल्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन व लघवीची तपासणी करावी. बिघाड बराच वाढेपर्यंत मूत्रपिंड बहुधा तक्रार करत नाही.

२. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोट साफ होण्याचे औषध, आम्लपित्ताचे औषध किंवा ताकदीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाटलीवर 'मॅग्नेशियम' हा शब्द शोधावा.

३. कापूस वेचून अंग दुखते म्हणून आर.एम.पी.कडून किंवा दुकानातून रोज वेदनाशामक गोळी घेऊ नये. ती मूत्रपिंडाला इजा करते.

४. पालेभाज्या किंवा डाळी आपल्या मनाने बंद करू नयेत. रुग्णाचा आहार तपासणी पाहून डॉक्टरच ठरवतील.

करून पाहा : एका बाटलीत विहिरीचे आणि दुसरीत पावसाचे पाणी सारखेच घ्या. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखा तुकडा घालून हलवा. फेस कोठे कमी आला? का?

प्रश्न : (१) वरील औषधाच्या १५ मिलिलिटरमध्ये किती मॅग्नेशियम आहे? (२) घरातल्या औषधांच्या डब्यातील किती बाटल्यांवर 'मॅग्नेशियम' लिहिलेले आहे? मोठ्यांच्या मदतीने यादी करा आणि ती आजी-आजोबांना वाचून दाखवा.

मार्च महिन्याचा दुसरा गुरुवार हा जागतिक मूत्रपिंड दिन असतो. त्या दिवसापर्यंत प्रत्येक घरातली ही यादी पूर्ण व्हावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.