ऐन मृगबागेत

रावेरकडच्या एका काकांची केळीच्या रोपांची नर्सरी आहे. त्यांची साइट मी 2014 साली केली, पैसे घेतले आणि विसरलो. चार वर्षांनी ती मोबाइलवर उघडली तर अक्षरं मुंगीएवढी, फोटो स्क्रीनबाहेर पळालेले. जुलै 2018 पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटवर ‘नॉट सिक्युअर’ दाखवणार, हेही तेव्हा जाहीर झालं होतं. माझी मलाच लाज वाटली. काकांना न विचारता, फुकटात, जळगावच्या ऐन जूनच्या उकाड्यात चार रात्री जागून मी साइट नवी करून टाकली आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

फोन आला तो असा : “ते रोपांच्या भावाचं पान कुठी गेलं भो?”

पान जागेवरच होतं, मी फक्त त्याचा पत्ता ‘सुटसुटीत’ केला होता. जुना पत्ता मात्र काकांच्या बिलांवर छापलेला होता आणि शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांत फिरत होता. त्यावर बोट ठेवलं की 404, म्हणजे ‘पान सापडत नाही’. केळीच्या मृगबागेची लागवड जून-जुलैत होते, म्हणजे रोपं ठरवायचे नेमके तेच दिवस. जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारं 301 रिडायरेक्ट लावायला मला अर्धा तास लागला. तोवर गेलेली गिऱ्हाइकं गेलीच.

तेव्हा जुन्या कामाला हात लावण्याआधी सगळ्या पानांचे पत्ते उतरवून काढा, बॅकअप घ्या. सर्व्हरच्या नोंदींत लोक कुठल्या पानावर येतात ते बघा. आपल्याला कुरूप वाटणारं पानच बहुधा धंदा आणत असतं. नवं रूप वेगळ्या पत्त्यावर ठेवून मालकाला त्याच्याच मोबाइलवर दाखवा. आणि हंगाम टाळा. केळीवाल्याच्या मृगबाग आणि कांदेबाग या लागवडी, सराफाची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि धनत्रयोदशी.

धुळ्याच्या एका संस्थेच्या बाबतीत चूक वेगळी झाली. साइट जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात होती. दिसायला मराठी, पण आत रोमन अक्षरांची खिचडी, त्यामुळे गुगलवर संस्थेचं नाव मराठीत टाकलं तरी सापडायचं नाही. इथं बदल हवाच होता, आणि परवानगीही घेतली होती. पण मी कन्व्हर्टरवर विसंबलो. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. तिथं आणि रफारावर घोटाळे झाले. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालं ते एक वेळ चाललं असतं, पण देणगीदारांच्या आडनावांची वाट लागली होती. एका निवृत्त सरांनी प्रिंट काढून लाल पेनानं अख्खी यादी रंगवली आणि मी एसटीनं एरंडोल-पारोळा करत ती आणायला गेलो. आता माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय काही चढवत नाही. पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवायलाही विसरत नाही, नाहीतर पुष्कळ फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात.

पैशाचं काय? माझी चूक असेल तर दुरुस्ती फुकट. काळ बदलला म्हणून काम निघालं तर त्याचे पैसे. फ्लॅशचं बॅनर लावलं तेव्हा ते बरोबरच होतं. 31 डिसेंबर 2020 ला अडोबीनं फ्लॅश बंद केलं, तो काही माझा गुन्हा नव्हे. हे पहिल्याच कोटेशनमध्ये लिहितो. भिडेपोटी लिहिलं नाही की पुढे चहाच्या कपावर भागवावं लागतं.

काकांचं काम अजून माझ्याकडेच आहे. आखाजी झाली की त्यांचा फोन येतो : “आता लागवड उरकेपर्यंत हात लावू नको भो.”