मागच्याच्या वेगानं

दौंड, 4 जानेवारी 2026

चि. बाळू,

येत्या शनिवारी तू आणि तुझा मित्र सायकलवर शिरूरहून दौंडला येणार, हे ऐकून मला फार आनंद झाला. ताईला मात्र घोर लागलाय. पौषातली थंडी, उसाचे ट्रॅक्टर, बिबट्या, सगळं तिनं फोनवर मोजून दाखवलं. मी तिला म्हटलं, येऊ दे पोरांना. आता येऊ दे म्हणणारा मीच, तेव्हा काही गोष्टी नीट सांगणंही माझ्याकडेच आलं.

पहिली गोष्ट वेळेची. पहाटे चारला निघायचं तुमच्या मनात आहे, ते काढून टाका. उजाडल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. पिंपरखेडला 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्यानं कसे बळी घेतले, ते तुम्हा शिरूरकरांना मी सांगायला नको. उजेडातसुद्धा उसाच्या कडेला लघवीला किंवा सायकलची साखळी बसवायला खाली बसू नका. वाकलेला, बसलेला माणूस त्या जनावराला लहान सावज वाटतो. थांबायचं तर गावात, नाहीतर मोकळ्या रानापाशी, आणि एकानं उभं राहायचं.

बिबट्याहून मला जास्त भीती ट्रॉल्यांची वाटते. गळीत हंगाम ऐन भरात आहे. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, आणि कित्येकांना मागे लाल पट्टीसुद्धा नसते. धुक्यात ती ट्रॉली अगदी पुढ्यात आल्यावरच दिसते. न्हावऱ्यापासून काष्टीपर्यंत तुम्ही राष्ट्रीय महामार्गावर असणार. तिथे एकामागे एक चालवा, मागचा दिवा दिवसाही लावून ठेवा.

थंडीचं म्हणशील तर सगळ्यात कडाक्याची वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्य उगवण्याच्या सुमाराची असते. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, म्हणून जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते. गार हवा जड, ती उतार धरून नदीकडे जाते. म्हणून सकाळी नदीजवळ एकदम काकडायला होतं आणि चढ लागला की बरं वाटतं. त्यातही सायकल जोरात मारली तर वारं अंगाला जास्त झोंबतं. बोटं आखडली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही, म्हणून हातमोजे हवेतच. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेव. जुने सायकलवाले हेच करत आले आणि याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. घाम सुटायच्या आधी स्वेटर काढायचा. ओल्या बनियनवर वारं बसलं की दुपारपर्यंत हुडहुडी जात नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. तुझी सायकल नवी, गिअरची. तुझा मित्र वडिलांची जुनी, जड सायकल घेऊन येणार, असं तूच म्हणालास. शिरूर सोडलं की तासाभरात तू पुढे आणि तो मागे असं होणार. तू मग एखाद्या फाट्यावर थांबशील, तो धापा टाकत येऊन पोचेल आणि तो पोचला रे पोचला की तू पॅडल मारशील. म्हणजे विसावा सगळा तुला, त्याला काहीच नाही. असं करू नकोस. वेग मागच्यानं ठरवायचा. तू पुढे राहिलास तर एवढ्यासाठीच, की समोरचं वारं तुझ्या अंगावर यावं आणि त्याला आडोसा मिळावा. दर थोड्या वेळानं मागे वळून बघ. त्यानं ‘थांबू या’ म्हणायची वाट बघू नकोस. ज्याची सायकल जुनी असते तो सहसा ते म्हणत नाही.

आम्ही मित्र दौंडहून सिद्धटेकला सायकलीवर जायचो, तेव्हा शिरापूरला भीमेवर पूल नव्हता, होडी होती. पुढे कितीही पळालं तरी काठावर थांबावंच लागे, सगळे आल्याशिवाय होडीत बसायचं नाही असा आमचा रिवाज होता. आता सगळीकडे पूल झाले. तुला नदी थांबवणार नाही, तेव्हा थांबायचं ते तूच आपल्या मनानं.

इनामगावला मात्र दोघं नक्की थांबा. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात घोड नदीच्या काठी तिथे उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर असे मोठे पुरातत्त्वज्ञ त्यात होते. तीन हजार वर्षांपूर्वीचं अख्खं शेतकरी गाव त्यांना सापडलं: घरांच्या जमिनी, चुली, बार्लीचे दाणे, पुराचं पाणी वळवायचा कालवा, आणि घरातच जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुलं. आज तिथे बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही, टेकाडं आणि शेतं एवढंच. तरी थांबा. आधीच्या काळातली मोठी चौकोनी घरं जाऊन शेवटच्या काळात तिथे लहान गोल झोपड्या आल्या, पाऊस हटला आणि गाव गरीब झालं, असं ढवळीकरांनी मांडलं आहे.

हे सांगतोय कारण त्याच रस्त्याला तुम्हाला ऊसतोड्यांच्या कोप्या दिसतील. बांबूच्या कमानी, वर पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद, दारात तीन दगडांची चूल. आत शिरायला वाकावं लागतं. त्यांतली पुष्कळ माणसं बीडकडची, दुष्काळी भागातून पोटासाठी इथे आलेली. तुम्ही निघाल तेव्हा त्या बायकांच्या भाकरी थापून झालेल्या असतील आणि दवानं ओल्या पाचटात हात घालून मोळ्या बांधणं चालू असेल. तुम्ही थंडी हौसेनं अंगावर घेताय, त्यांना दुसरा इलाज नाही. तेव्हा शेकोटीपाशी कुणी बोलावलं तर जरूर बसा, बोला, कुठलं गाव, मुलं शाळेत जातात का ते विचारा. मोबाईल बाहेर काढून फोटो मात्र घेऊ नका.

काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार असतो. टेम्पोंची गर्दी फार, तिथे उतरून सायकली हातात धरून चाला. भूक लागलेलीच असेल, गरम भजी खा. चहा वाटेत कितीही घ्या, पण पाणी विसरू नका. थंडीत तहान कळत नाही. तिथून दौंड जवळ आहे. भीमेचा पूल आला की मला फोन कर, मी पुलाच्या अलीकडे येऊन थांबतो.

रात्री इथेच राहायचं. रविवारी माझ्या ओळखीच्या एका टेम्पोत सायकली घालून तुम्हाला परत पाठवीन, हे ताईलाही सांगितलंय. मित्राच्या घरी तू स्वतः जाऊन त्याच्या आईवडिलांना विचार, त्याच्यावर सोडू नकोस. त्याच्या सायकलचे ब्रेकचे गुटके झिजले असतील तर शुक्रवारपर्यंत बदलून घ्या, पैसे मी देईन. आणि तो मटण खातो की नाही ते कळव, मामी विचारतेय.

तुझा
मामा