गळ टाकायला शिकताना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात राहुरी तालुक्यातील बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर मोठे धरण आहे. त्याच्या जलाशयाला ज्ञानेश्वरसागर म्हणतात. मच्छीमार तेथे जाळे टाकून पोट भरतात. हौशी माणूस गळ घेऊन काठावर बसतो. पाहणाऱ्याला गळ टाकणे सोपे वाटते. मलाही तसेच वाटले होते.

मी चौदा वर्षांचा असताना मामूंनी मला वेळूची काठी दिली. मागे न पाहता मी ती जोराने झटकली. गळ पाण्यात गेलाच नाही; तो माझ्या धाकट्या भावाच्या गालात रुतला. डोळा बोटभर अंतराने वाचला! डॉक्टरांनी गळ काढला. मामू रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "बेटा, आधी मैदानात शीक, मग पाण्याकडे ये."

आता साधनांविषयी पाहू. पाणी आणि मासा पाहून साधन निवडावे. आपल्याकडच्या रोहू, मृगळ अशा माशांसाठी आठ-दहा फुटांचा वेळू, तेवढीच तंगुसाची दोरी, शिशाचा लहान तुकडा, तरंगायला बूच आणि छोटा गळ एवढे पुरते. गळाला कणकेची गोळी किंवा गांडूळ लावतात.

काश्मीरच्या थंड ओढ्यांत ट्राउट मासा असतो. तो पाण्यावरचे किडे खातो. म्हणून तेथे पिसे आणि धागा बांधून केलेली बनावट माशी गळावर असते. पण पीस कधी लांब फेकता येते का? नाही. म्हणून या प्रकारात दोरीच जाड व वजनदार असते. दोरी पुढे जाते आणि माशीला बरोबर नेते. नवशिक्याने नऊ फुटांची, 5 किंवा 6 क्रमांकाची काठी घ्यावी. काठीचा जो क्रमांक, तोच दोरीचा असावा. दोरीच्या टोकाला सुमारे नऊ फूट बारीक, पारदर्शक तंगूस बांधतात. माशाला जाड दोरी दिसू नये, हा त्यामागचा हेतू.

ही दोरी फेकायची कशी? मोकळ्या मैदानात उभे राहा. गळ लावू नका. टोकाला लोकरीचा रंगीत तुकडा बांधा. तुमच्या बाजूला एक मोठे घड्याळ आहे असे समजा. डोक्यावर 12, समोर 9. काठी समोरून हळू उचला, वेग वाढवा आणि मागे 1 वर एकदम थांबवा. आता घाई करू नका! दोरी मागे सरळ होईपर्यंत थांबा. मग काठी पुढे आणा आणि 10 वर थांबवा. दोरी उलगडत समोर जाईल. मध्ये थांबला नाहीत, तर दोरी पायाशी गोळा होईल. येथे जोरापेक्षा धीर कामाला येतो.

काठावर जाताना काही नियम पाळा. मोठ्या माणसाबरोबरच जा. धरणाचा काठ निसरडा असतो आणि पाणी एकदम खोल होते. डोळ्यांवर चष्मा असू द्या. जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. म्हणून आधी परवानगी विचारा. लहान मासा ओल्या हाताने धरून पुन्हा पाण्यात सोडा. तुटलेले तंगूस काठावर टाकू नका. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

मामूंच्या सांगण्यावरून मी महिनाभर मैदानात सराव केला. त्यानंतर पहिला मासा मिळाला, तेव्हा भाऊ माझ्या शेजारीच उभा होता. त्याच्या गालावरचा बारीक व्रण अजून दिसतो. आजही गळ टाकण्यापूर्वी मी एकदा मागे वळून पाहतो.

शब्दार्थ : हौशी – शौकीन, धीर – सब्र, रुतणे – आत घुसणे, वेळू – बांबू, तंगूस – नायलॉनची बारीक दोरी, व्रण – जखमेची खूण.

प्रश्न
1. मामूंनी लेखकाला काय सांगितले? का?
2. बनावट माशीसाठी वजनदार दोरी का लागते?
3. दोरी मागे गेल्यावर थांबले नाही, तर काय होते?