मधल्या वर्षांचा हिशोब : युता वातानाबे आणि अमेरिकी बास्केटबॉलची वाट

मुलाने परदेशात जाऊन खेळाडू व्हावे, असा विषय घरात निघाला की पालकांच्या डोळ्यांसमोर बहुधा दोनच टोके असतात: एकीकडे उंचीने वर्गात सगळ्यांच्या वर निघालेला दहावी-बारावीतला मुलगा आणि दुसरीकडे एनबीएचा, म्हणजे अमेरिका व कॅनडातील ३० संघांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, पडद्यावर दिसणारा झगमगता सामना. या दोन टोकांच्या मध्ये जी पाच-सहा वर्षे जातात ती कुठे, कोणाच्या खर्चाने, कोणत्या अभ्यासाच्या आधाराने आणि संघातल्या कितव्या जागेवर बसून काढायची, याची चौकशी फारच थोड्या घरांत होते, आणि निर्णय फसतो तो बहुतेक वेळा याच मधल्या टप्प्यात. जपानच्या युता वातानाबे या खेळाडूची वाटचाल विद्यार्थी-पालकांनी नीट पाहावी ती यासाठीच, कारण तो एका उडीत शिखरावर गेलेला नाही. त्याची मधली वर्षे लांब आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येक टप्प्यावर त्याच्या हाती नेमके काय होते हे स्पष्ट सांगता येते.

वातानाबेचा जन्म १९९४ मध्ये योकोहामा येथे झाला, पण तो वाढला शिकोकू बेटावरील कागावा या लहान प्रांतात. आई-वडील दोघेही बास्केटबॉलपटू, त्यात आई तर जपानच्या महिला राष्ट्रीय संघाकडून खेळलेली. त्यामुळे खेळाची शिस्त घरातच होती, ही गोष्ट त्याच्या यशाचा विचार करताना विसरता कामा नये. जिन्सेई गाकुएन या शाळेकडून खेळताना त्याच्या संघाने २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षे विंटर कप या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत उपविजेतेपद मिळवले. जपानमधील नेहमीची वाट तिथून एखाद्या नामांकित जपानी विद्यापीठात आणि पुढे देशांतर्गत लीगमध्ये जाते. मात्र त्या काळात जपानमध्ये दोन परस्परविरोधी लीग होत्या आणि हा वाद इतका चिघळला की नोव्हेंबर २०१४ मध्ये फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाने जपानला निलंबितच केले; दोन्ही लीग एकत्र येऊन आजची बी लीग सुरू झाली ती २०१६ मध्ये. म्हणजे वातानाबे निघाला तेव्हा घरची वाट खाचखळग्यांची होती, हे त्याच्या निर्णयामागचे एक ठोस वास्तव आहे.

तो थेट अमेरिकी विद्यापीठात गेला नाही. २०१३ मध्ये जपानी शालेय शिक्षण संपवून त्याने कनेटिकट राज्यातील ओकडेल येथील सेंट थॉमस मोर या निवासी शाळेत प्रवेश घेतला. अशा शाळेला तिकडे प्रेप स्कूल म्हणतात. म्हणजे विद्यापीठाच्या तयारीसाठी असलेली शाळा, जिच्यात बारावी झालेल्या विद्यार्थ्यालाही एक जादा वर्ष घालवता येते. हे वर्ष म्हणजे वाया गेलेले वर्ष, अशी आपल्याकडील पालकांची प्रतिक्रिया स्वाभाविक असली तरी ती चुकीची आहे. या एका वर्षात तीन कामे एकदम होतात: इंग्रजीतून चालणारे वर्ग कानावर पडून भाषा वळणी पडते, अंगाने भारी आणि वेगवान प्रतिस्पर्ध्यांशी रोज गाठ पडते, आणि विद्यापीठांचे प्रशिक्षक त्या शाळांचे सामने पाहायला येत असल्याने खेळाडू त्यांच्या नजरेस पडतो. शिवाय जपानचे शालेय वर्ष मार्चमध्ये संपते आणि अमेरिकी सत्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते, त्यामुळे मधल्या महिन्यांत भाषेची तयारी करायला सवड राहते. महाराष्ट्रात बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होत असल्याने इथल्या विद्यार्थ्याचे वेळापत्रकही जवळपास तसेच बसते.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. प्रेप स्कूल ही बहुधा खासगी आणि महागडी संस्था असते, आणि तिथला प्रवेश म्हणजे विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीची हमी नव्हे. त्याहून महत्त्वाचे असे की अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा स्पर्धांचे नियमन करणारी एनसीएए ही संघटना खेळाडूची शैक्षणिक पात्रता तपासताना नववी ते बारावी या चारही वर्षांचे गुण पाहते. तिच्या सर्वोच्च पातळीसाठी, म्हणजे डिव्हिजन वनसाठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्रे अशा ठरावीक विषयांचे १६ अभ्यासक्रम आणि त्यांत किमान २.३ इतकी सरासरी मागितली जाते, आणि हे अभ्यासक्रम शाळेच्या नेहमीच्या मुदतीत पूर्ण व्हावेत अशी अपेक्षा असते. ‘नववीचे गुण कोण विचारतो’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे वाक्य या वाटेवर खोटे ठरते. स्पर्धेसाठी नववी किंवा दहावीत मुद्दाम एक वर्ष मागे ठेवणे, हा काही क्रीडांगणांवर दिला जाणारा सल्ला तर थेट नुकसान करू शकतो. नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने ते त्या त्या वर्षी एनसीएएच्या पात्रता केंद्राकडूनच तपासावेत, मध्यस्थाच्या तोंडी आश्वासनावरून नव्हे.

२०१४ मध्ये वातानाबे वॉशिंग्टन शहरातील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाला. क्रीडा शिष्यवृत्ती म्हणजे काय हे इथे समजून घ्यावे. पूर्ण शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क, राहणे, जेवण आणि पुस्तके यांचा खर्च विद्यापीठ उचलते. त्या काळात डिव्हिजन वनच्या पुरुष बास्केटबॉल संघाला अशा फक्त १३ शिष्यवृत्त्या देता येत होत्या. डिव्हिजन टूमध्ये बहुधा अंशतः मदत मिळते आणि डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाच्या नावाने शिष्यवृत्ती दिलीच जात नाही, तरीही ‘अमेरिकेत खेळायची संधी’ या एकाच शब्दप्रयोगाखाली तिन्ही पातळ्या पालकांना विकल्या जातात. देकाराचे पत्र हाती आल्यावर पातळी कोणती, रक्कम किती, ती एका वर्षासाठी की चार वर्षांसाठी, आणि दुखापत झाली तर काय, हे चार प्रश्न लेखी विचारलेच पाहिजेत. विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर कमाईवर कडक मर्यादा असल्याने कमी पडणारे पैसे नोकरी करून भागवू, हा हिशोबही मांडू नये.

विद्यापीठातील त्याची चार वर्षे पाहिली तर प्रगतीचा वेग लक्षात येतो. पहिल्या हंगामात त्याची सरासरी सामन्यागणिक ७.४ गुण होती, दुसऱ्यात ८.४, तिसऱ्यात १२.२ आणि शेवटच्या, २०१७-१८ च्या हंगामात १६.३. २०१६ मध्ये त्याच्या संघाने एनआयटी ही राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा जिंकली. त्यानंतर मुख्य प्रशिक्षक बदलले, म्हणजे ज्यांनी त्याला निवडले होते ते गेले, आणि तरीही त्याने विद्यापीठ सोडले नाही. शेवटच्या वर्षी त्याला अटलांटिक टेन या विद्यापीठसमूहातील सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळाला. हा मान त्याच्या पुढील कारकिर्दीची गुरुकिल्ली आहे. सहा फूट नऊ इंच उंचीचा, लांब हातांचा आणि पाय चपळ असलेला हा खेळाडू समोरच्या संघातील वेगवेगळ्या उंचीच्या खेळाडूंना अडवू शकत होता, आणि व्यावसायिक संघ ज्या कामासाठी राखीव खेळाडू शोधतात ते नेमके हेच काम असते. गुण करणारे खेळाडू संघाकडे आधीच असतात. उरलेले काम कोण निष्ठेने करील, हा प्रशिक्षकाचा रोजचा प्रश्न असतो.

जून २०१८ मधील एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक प्रक्रियेत, पुकारलेल्या ६० नावांत वातानाबेचे नाव नव्हते. पुष्कळ घरांत ही वाट इथेच संपली असे मानले गेले असते. त्याने ब्रुकलिन नेट्सच्या वतीने उन्हाळी लीगमध्ये खेळून दाखवले आणि जुलैत मेम्फिस ग्रिझलीज या संघाने त्याला टू-वे करार दिला. हा करार मुख्य संघ आणि त्याचा विकास-संघ या दोहोंमध्ये विभागलेला असतो. तेव्हाच्या नियमाप्रमाणे खेळाडूला मुख्य संघासोबत जास्तीत जास्त ४५ दिवस राहता येई आणि उरलेला हंगाम जी लीग या दुय्यम लीगमध्ये, नियमित कराराच्या मानाने पुष्कळ कमी मोबदल्यावर काढावा लागे. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी फिनिक्स सन्सविरुद्ध तो काही मिनिटे मैदानावर उतरला आणि २००४ मधील युता ताबुसेनंतर एनबीएमध्ये खेळणारा दुसरा जपानी खेळाडू ठरला. पहिल्या हंगामात त्याला मुख्य संघाकडून १५ सामने मिळाले, दुसऱ्या हंगामात १८.

२०२० च्या अखेरीस तो टोरांटो रॅप्टर्सच्या सराव शिबिरात गेला तो केवळ शिबिरापुरत्या करारावर. तिथून टू-वे करार आणि एप्रिल २०२१ मध्ये अखेर नियमित करार, असा तो एकेक पायरी चढला. त्या हंगामातील एक क्षण जगभर पाहिला गेला. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी मिनेसोटाचा तरुण अँथनी एडवर्ड्स वेगाने बास्केटकडे झेपावला, वातानाबे त्याला अडवण्यासाठी पुढे सरसावून उडाला, आणि एडवर्ड्सने त्याच्या अंगावरूनच चेंडू जाळीत ठोकला. ती चित्रफीत पसरली ती एडवर्ड्सच्या कौतुकासाठी, आणि खाली पडलेला खेळाडू थट्टेचा विषय झाला. असा प्रसंग पुन्हा आला तरी आपण पुन्हा अडवायला जाऊ, या आशयाचे उत्तर वातानाबेने नंतर दिले. बाजूला सरकला असता तर चित्रफितीत तो दिसलाही नसता, पण मग त्याला संघात ठेवण्याचे कारणही उरले नसते. तो सामना रॅप्टर्सने ८६-८१ असा जिंकला.

२०२२-२३ मध्ये ब्रुकलिन नेट्सकडून, हमी नसलेल्या करारावर सुरुवात करून, त्याने ५८ सामन्यांत तीन गुणांच्या फेकींत ४४.४ टक्के अचूकता गाठली. महाविद्यालयात बचावावर ओळखला गेलेला खेळाडू वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी नेमबाजीत लीगच्या अग्रभागी दिसू लागला, यामागे विकास-संघांत काढलेल्या वर्षांची मेहनत आहे.

हीच एक वाट आहे असे मात्र मानू नये. रुई हाचिमुरा हा जपानी शाळेतून थेट गोंझागा विद्यापीठात गेला आणि २०१९ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर निवडला गेला. केइसेई तोमिनागाने टेक्सासमधील रेंजर कॉलेज या दोन वर्षांच्या, तुलनेने कमी खर्चाच्या महाविद्यालयातून नेब्रास्का विद्यापीठ गाठले. आणि युकी कावामुरा अमेरिकेत न शिकता बी लीग गाजवून २०२४ मध्ये मेम्फिसला पोहोचला. घरची लीग सुदृढ झाली की वाटा वाढतात, हे यातून दिसते. भारतात अशी स्थिर, पूर्ण वेळ उपजीविका देणारी बास्केटबॉल लीग अजून उभी राहिलेली नाही. खेळाडूंचा मुख्य आधार म्हणजे रेल्वे, सेनादले आणि सार्वजनिक उपक्रमांतील क्रीडा कोट्याच्या नोकऱ्या, आणि महाराष्ट्रात शासकीय सेवेतील ५ टक्के क्रीडा आरक्षण. पंजाबचा सतनाम सिंग फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत शिकून २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. म्हणून इथल्या विद्यार्थ्याने अमेरिकी विद्यापीठ निवडताना संघाच्या नावाआधी पदवीचा विषय पाहावा. खेळ थांबला तरी ज्या पदवीवर काम मिळेल अशीच पदवी त्या चार वर्षांत पदरात पडली पाहिजे.

पालकांनी आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी, आणि ती पैशाची नाही. दरवर्षी करार संपण्याची टांगती तलवार, दर काही महिन्यांनी बदलणारे शहर, आणि घरापासूनचे अंतर यांचा भार मनावर येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वातानाबेची, ब्रुकलिननंतर तो ज्या संघात गेला होता त्या फिनिक्सहून, पुन्हा मेम्फिसला बदली झाली; त्या काळात आपण मानसिकदृष्ट्या खेळण्याच्या स्थितीत नव्हतो, हे त्याने स्वतः उघडपणे सांगितले. एनबीएमध्ये २१३ सामने खेळून झाल्यावर त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने मायदेशी परतण्याचा निर्णय जाहीर केला. त्याआधीच्या उन्हाळ्यात ओकिनावातील विश्वचषक सामन्यांत जपानने फिनलंड, व्हेनेझुएला आणि केप व्हर्ड यांना हरवून पॅरिस ऑलिंपिकची पात्रता मिळवली होती, आणि त्या संघात तो होता. आता चिबा जेट्स या संघाकडून तो बी लीगमध्ये खेळतो, त्याच देशात, जिथून निघताना त्याच्यासाठी एकसंध लीगही अस्तित्वात नव्हती.