नीरा-भीमेच्या पट्ट्यांतील पाण्याचा हिशेब

लोकसंख्या, निसर्ग, सुधारणा व हवामान हे चार विषय शाळेच्या पुस्तकांत निरनिराळ्या धड्यांत येतात. शेतकऱ्याच्या खात्यांत मात्र ते एकाच पानावर उतरतात. बारामती व इंदापूर या तालुक्यांवरून हीं चार कलमें एकमेकांस कशीं बांधलेलीं आहेत, तें येथें पाहूं.

१. कालवा व ऊंस

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहेत. वार्षिक पाऊस सरासरी सुमारें वीस इंच, आणि तोहि बेभरंवशाचा. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा निघाला. १८८५ च्या सुमारास पाणी वाहूं लागलें व पुढें भाटघरच्या धरणानें त्यास साठ्याचा आधार दिला. म्हणजे भोरच्या डोंगरांतला पाऊस बारामतीच्या रानांत आला. ज्वारी-बाजरीच्या जागीं ऊंस आला, गुऱ्हाळें आलीं, पुढें वालचंदनगर व सहकारी कारखाने आले. पोटास साधन मिळालें, म्हणून वस्ती वाढली.

परंतु पाटानें भिजविलेल्या उंसास ८० ते १०० इंच पाणी लागतें. काळ्या, खोल व निचरा नसलेल्या जमिनींत जादा पाणी खालीं साचतें. पाणपातळी वर चढते. उन्हानें ओल उडून जाते व क्षार मात्र वर राहतात. नीरेच्या खोऱ्यांतील अशा खारवट जमिनींवर डॉ. हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांचें पुस्तक १९१० सालींच निघालें होतें. त्यापूर्वीं, १९०३ च्या सुमारास, विश्वेश्वरय्या यांनीं याच कालव्यावर ब्लॉक पद्धति सुचविली होती : ऊंस फेरपालटीनें घ्यावा व पाणी अधिक गांवांस वांटावें. पाणी आणणें ही अर्धी सुधारणा, तें मोजून वापरणें व निचऱ्यास वाट देणें ही उरलेली अर्धी, हा धडा इतका जुना आहे.

२. खातेफोड

वारसांच्या नोंदी लिहिण्यांत ज्याची नोकरी गेली त्यास लोकसंख्येचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाहीं. महाराष्ट्रांत दर खातेदारामागें सरासरी धारण १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होती. ती २०१५-१६ सालीं १.३४ हेक्टर झाली. म्हणजे साडेदहा एकरांचे सुमारें सव्वातीन एकर झाले. लहान खातेदार ऊंस लावितो तो लोभानें नव्हे. ठरलेला भाव व खात्रीचें गिऱ्हाईक असलेलें दुसरें पीक त्यास सहसा सांपडत नाहीं, म्हणून लावितो. मग विहीर खोल जाते, विंधनविहीर घ्यावी लागते, आणि शेजाऱ्याचें पाणी आटतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. महाराष्ट्रांत आतां एका स्त्रीस सरासरी दोनांहून कमी मुलें होतात. २०१९-२१ च्या पाहणींत हें प्रमाण १.७ आलें. तेव्हां केवळ संततीस दोष देऊन भागत नाहीं. माणसें कोठें एकवटतात व दर माणशीं किती पाणी वापरतात, हा खरा प्रश्न आहे.

३. पुणें शहर व उजनी

पुणें जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं सुमारें ७२ लक्ष होती, ती २०११ सालीं ९४ लक्ष झाली. या वाढत्या शहराचें सांडपाणी मुळा-मुठेंतून भीमेंत व भीमेंतून उजनींत येतें. त्यांतलें कांहीं शुद्ध न होतांच येतें. १९८० सालीं पुरें झालेल्या या धरणासाठीं इंदापूर तालुक्यांतील कित्येक गांवें बुडालीं. ज्यांनीं गांव दिलें त्यांच्याच कांठावर आज जलपर्णी व दुर्गंधि आहे. शहराची वाढ ही आपल्या वेशीबाहेरची गोष्ट नव्हे, हें यावरून कळावें.

४. हवामानाची नवी चाल

कोळसा व तेल जाळल्यानें हवेंतील कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण दहा लक्ष भागांत २८० होतें, तें आतां ४२० च्या वर गेलें आहे. हवा एक अंशानें तापली कीं सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरूं शकते. त्यामुळें उघडीप लांबते, आणि पाऊस आला तर तो कोसळतो. २०२३ सालीं उजनी पूर्ण भरली नाहीं. २०२४ च्या उन्हाळ्यांत साठा मृत साठ्याच्याहि खालीं जाऊन पळसदेवचें जुनें देऊळ उघडें पडलें. त्याच पावसाळ्यांत धरण पुन्हा भरलें. आणि मे २०२५ मध्यें अतिवृष्टीनें नीरा डावा कालवा बारामती तालुक्यांत फुटला. एखाद्या वर्षाचा दोष सर्वस्वीं हवामानबदलावर घालतां येणार नाहीं. परंतु अशीं टोकें वारंवार येणार, हें धरूनच चाललें पाहिजे.

यांत आपलाहि वांटा आहे. पंपाची वीज बव्हंशीं कोळशाची. पाचट जाळलें कीं कर्ब व नत्र दोन्ही गेले. पाणथळ रानांत टाकलेल्या जादा युरियापासून नायट्रस ऑक्साइड निघतो. तो वजनास वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २७० पट उष्णता धरतो.

५. कर्तव्य

(अ) एक आवर्तन चुकलें तरी आपल्या विहिरीवर जगेल एवढाच ऊंस ठेवावा, व तो ठिबकावर आणावा.

(आ) पाचट न जाळतां सरींत कुजवावें.

(इ) निचऱ्याचे चर एकट्यानें काढून उपयोग नाहीं. ओढ्यापर्यंतच्या सर्व खातेदारांनीं मिळून काढावे.

(ई) दसऱ्यानंतर गांवांतील निवडक विहिरींची पातळी मोजून चावडीवर लिहावी, आणि रब्बीचीं पिकें त्यावरून ठरवावीं.

(उ) शहराच्या सांडपाण्याविषयीं ग्रामसभेनें ठराव करून पाठपुरावा करावा.

माळेगांव खुर्द येथें २००९ पासून दुष्काळ, उष्णता व क्षार यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तेथील व कृषि विज्ञान केंद्राच्या माहितीचा लाभ घ्यावा. पिकांची नोंद आपण सातबारावर दरवर्षीं करितोंच. पाण्याचीहि तशीच नोंद गांवोगांव या दसऱ्यापासून सुरू व्हावी, एवढीच सूचना वाचकांपुढें ठेवितों.