कोथिंबीर उगवली नाही म्हणून रडू नकोस

अगं, कुंडीतल्या मातीचे फोटो पाठवणं आधी बंद कर बघ. काळ्या मातीचा फोटो काळाच येणार. तुझं म्हणणं काय, तर मेथी तिसऱ्या दिवशी वर आली, पण कोथिंबिरीचा आठवडा झाला तरी पत्ता नाही, म्हणजे तुझ्याच हाताला गुण नाही. खरं सांगू का, धनेच मुळात सुस्त असतात. मेथी तीन-चार दिवसांत डोकं काढते, मुळा-पालक आठवड्याच्या आत दिसतात. कोथिंबीर मात्र आठ-दहा दिवस सहज घेते, गारठा लवकर पडला तर पंधराही. टोमॅटो-वांग्याला आठवडा लागतो आणि मिरची त्याहून हट्टी. आणि एक विचारू? धने रगडलेस ना? एका धन्यात दोन बिया असतात. लाटण्यानं हलके रगडून त्याच्या दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि मग पेरायच्या. मी पहिल्यांदा पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तसे अख्खे धने भुरभुरले होते आणि वर बियाण्याच्या दुकानात जाऊन भांडून आले होते. तू निदान भांडायला जाऊ नकोस.

आणि माती उकरून तर अजिबात बघू नकोस. मला माहितीय तुला ते करावंसं वाटायलंय. बी आधी खाली मूळ सोडतं, मग वर मान काढतं. तू बोट घातलंस की ते केसाएवढं मूळ तुटतं आणि मग खरंच काही उगवत नाही.

त्यापेक्षा जे उगवलंय ते नीट बघ. मेथीचं रोप मान वाकवून वर येतं, डोक्यावर बियाच्या सालीची टोपी असते. ती ओढून काढायची नाही, दुपारपर्यंत आपोआप गळते. कोथिंबिरीची पहिली दोन पानं लांबट, गुळगुळीत येतात, कोथिंबिरीसारखी मुळीच दिसत नाहीत. गवत समजून बऱ्याच जणी ती उपटून टाकतात. झालरीचं पान तिसरं. टोमॅटोचंही तसंच, आधी दोन साधी पानं, मग कातरलेली. त्या कातरलेल्या पानावरून बोट फिरव आणि वास घे. एवढ्याशा पानाला पिकल्या टोमॅटोच्या देठासारखा उग्र वास येतो, बोट जरा पिवळटही होतं. तुझ्या लेकीला हे दाखव, तिला सगळ्यात जास्त आवडेल.

तुझी टोमॅटोची रोपं लांबसडक होऊन आडवी पडायलीत म्हणालीस. कुठं ठेवलीस, खिडकीत ना? मग आत्ताच नवरात्रात घट बसवला होतास तो आठव. देवघराच्या कोपऱ्यात, कमी उजेडात ठेवलेलं धान नऊ दिवसांत वीतभर होतं, पिवळं, नाजूक. देवीपुढं ते छान दिसतं, पण ते धान उजेड शोधत उंच गेलेलं असतं, त्याच्यात बळ नसतं. तुझ्या रोपांचं तेच झालंय. उद्यापासून त्यांना गच्चीवर सकाळचं ऊन दे. एकदम दिवसभर नको, पानं पोळतील. पहिले दोन दिवस तासभर, मग वाढवत ने. आणि कुंडीत लावताना टोमॅटोचं लांब खोड खालच्या पानापर्यंत मातीत गाड. टोमॅटोला खोडावरही मुळं फुटतात, त्यामुळं लांबलेलं रोप फुकट जात नाही. वांग्या-मिरचीला मात्र हा उपाय करू नकोस.

आता मातीचं. आपली नांदेड-लातूरची काळी माती कापसाला, तुरीला, सोयाबीनला चांगली, पण एकटी कुंडीत भरली की छळते. ओली झाली की चिखल, वाळली की भेगा. वरून पापडी धरते आणि नाजूक कोंब त्या पापडीखाली अडकून बसतो. म्हणून दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू किंवा कोकोपीट घे. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, रोपं जाळतं. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून जास्त नाही, आणि वरून माती न घालता चाळलेलं खत पसर. मग पापडी धरत नाही. तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, काहीही चालेल, बुडाला भोकं मात्र हवीत. भोकं नसलेल्या देखण्या कुंडीत पैसे घालू नकोस.

पाण्याच्या बाबतीत मी जरा ओरडणारच आहे. तू सकाळ-संध्याकाळ पाणी घालतेस आणि पानं पिवळी पडली की आणखी एक मग ओततेस. लातूरच्या बाईला असलं बघवत नाही गं! २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आठवतं ना? १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास टाक्यांची गाडी यायला लागली. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी करायला बंदी घालण्यापर्यंत गोष्ट गेली होती. त्या वर्षी मी तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवायची आणि तांब्यानं मोजून घालायची. कढीपत्ता, शेवगा आणि तुळस एवढंच राखलं, बाकी सगळं सोडून दिलं. तेव्हापासून मला एक कळलंय, की चांगला पाऊस झालेल्या वर्षी कुंडीतली झाडं तहानेपेक्षा जास्त लाडानं मरतात. मुळांना हवा लागते. सतत ओल राहिली की ती कुजतात, मग पाणी समोर असूनही झाडाला ते ओढता येत नाही, पानं पिवळी पडतात. आणि ती बघून तू आणखी पाणी घालतेस!

म्हणून बोट घाल. बियांच्या कुंडीत नाही, रुजलेल्या रोपाच्या कुंडीत. दोन पेरं आत बोट घालायचं. माती बोटाला ओली चिकटली तर कॅन ठेवून दे आणि चहा करून घे. कोरडी लागली तर खालून पाझरेपर्यंत घाल. या दिवसांत एक दिवसाआड पुरतं, मार्च-एप्रिलला रोज लागेल, मेमध्ये दोनदा आणि वर हिरवी जाळी. पाण्याच्या फिल्टरमधून जे पाणी वाया जातं ते रोज कुंडीत ओतू नकोस. आपल्याकडं बोअरचं पाणीच मुळात जड, त्यातले सगळे क्षार त्या पाण्यात उतरलेले असतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसायला लागला की समज. ते फरशी पुसायला वापर.

विरळणीला तुझा जीव होणार नाही, हे मी आत्ताच सांगते. आपण लावलेलं आपणच उपटायचं म्हणजे काय! पण पालकाची दहा रोपं जिथं गर्दी करून उभीयत तिथं चारच नीट वाढतील. उपट आणि वरणात टाक, संपला विषय.

टोमॅटोला फुलं आली की तुझा फोन येणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते. रोप लावल्यावर महिना-सव्वा महिन्यानं पिवळी फुलं येतात, मान खाली घातलेली. त्यातली बरीच गळतात. घाबरू नकोस. रात्र फार गार किंवा दिवस फार तापला की झाड फूल टाकून देतं. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला फुलांच्या देठाला बोटानं हलकी टिचकी मार, आतला पराग आतल्या आत पडतो आणि फळ धरतं. गच्चीवर मधमाश्या कमी असल्या तरी काम भागतं. नंतर वाटाण्याएवढं हिरवं फळ दिसेल आणि मग जवळजवळ दीड महिना काहीच घडणार नाही. म्हणजे फळ मोठं होईल, पण हिरवं ते हिरवंच. या दिवसांत माणसं कंटाळून भलतंसलतं खत घालायला लागतात. युरिया तर मुळीच नको. झाड पानांनी नुसतं माजेल आणि फळ धरणार नाही. पंधरा दिवसांतून एकदा मूठभर गांडूळखत दे, काठीला बांध आणि गप बस. हिरवा रंग फिकट होऊन पांढुरका झाला, की फळाच्या बुडाकडून लाली चढायला लागते. तेव्हाच तोड, स्वयंपाकघरात दोन-तीन दिवसांत पिकतं. चिमण्या आणि खारी तुझ्याइतकंच लक्ष ठेवून असतात बघ. फळाच्या बुडाला काळा सुकलेला डाग आला तर तो रोग नाही. एक दिवस भरपूर पाणी, चार दिवस कोरडं, असं झालं की फळाला कॅल्शियम पोचत नाही. पाणी नेमानं घाल, पुढची फळं नीट येतात.

किडीचं थोडक्यात. कोवळ्या शेंड्याला बारीक हिरवे-काळे ठिपके चिकटलेले दिसले आणि पान चिकट लागलं, तर तो मावा. आधी नुसत्या पाण्याच्या धारेनं धू. राहिला तर पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेव, सकाळी फडक्यानं गाळ आणि संध्याकाळी फवार. निंबोळ्या विकत कशाला, जून-जुलैत आपल्या कुठल्याही रस्त्याच्या कडेला सडा पडलेला असतो. मिरचीची पानं चुरडली आणि झाड बोकडलं तर मात्र मोह धरू नकोस. उपटून टाक, बाकीची वाचव.

सासूबाई म्हणाल्या ना, दहा रुपयांच्या जुडीसाठी एवढा उपद्व्याप कशाला? अगं, हिशेब केला तर त्या बरोबरच म्हणतात. पहिल्या वर्षी माती, खत, डबे धरून तुझी मेथी बाजारापेक्षा महागच पडणार, हे मान्य करून टाक आणि वाद संपव. पण आपल्याच भागातलं एक ऐकवते, त्यांनाही सांग. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतरच्या कामातून 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही प्रेमा गोपालन यांची संस्था लातूर-उस्मानाबादकडं उभी राहिली. पुढं दुष्काळात त्यांनी बायकांना सांगितलं, की घरच्या सगळ्या रानात ऊस नाहीतर सोयाबीन असतं, त्यातला एक एकर तुमच्या ताब्यात मागून घ्या आणि त्यात घरी खायचं पिकवा. भाजी, डाळी, ज्वारी, कमी पाण्यावर, घरच्या खतावर. काहींना आधी अर्धा एकरसुद्धा घरच्यांनी कुरकुरतच दिला. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. तुझ्या गच्चीवरच्या चार डब्यांची त्या कामाशी बरोबरी नाही गं, पण सासूबाईंचं माहेर औशाकडचं आहे, त्यांना असा एक एकर माहीत असेल. विचार तर. आणि अंबाडीचं, चुक्याचं बी कुणाकडं मिळेल तेही त्यांनाच विचार. एकदा त्यांनी त्यांच्या हातानं बी टाकलं की कुंडीला पाणी घातलं का नाही हे बघायला त्याच गच्चीवर चढतील. हा माझा स्वतःचा अनुभव आहे, हसू नकोस.

बी घेताना पाकिटावर संकरित लिहिलंय का ते बघ. संकरित झाडाचं बी राखून ठेवलं तर पुढच्या पिढीत वाण फुटतो, तसंच फळ येईल याचा भरवसा नाही. गावठी किंवा सरळ वाण असेल तर एक चांगलं फळ झाडावरच पिकू दे आणि बी ठेव. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच वर्षानुवर्षं केलं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गुलाबी-निळ्या रंगाचं बी असलं तर त्याला औषध चोळलेलं असतं, लेकीच्या हातात देऊ नकोस.

आता तुझी मेथी. पंचवीस-तीस दिवसांनी मुळासकट उपटण्याऐवजी दोन बोटं खोड ठेवून कात्रीनं काप, पुन्हा फुटते. पालकाची बाहेरची पानं तोडायची, मधला गाभा सोडायचा, म्हणजे तीन-चारदा मिळतो. संध्याकाळी कापू नकोस, सकाळी काप, पानं ताठ असतात. मेथी दर पंधरा दिवसांनी एकेका डब्यात पेरत राहा. सगळी एकदम पेरलीस तर एकदम येईल आणि मग शेजारणीला वाटत फिरशील. असं मोजून पेरलंस तर येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, भज्जीत निदान मेथी-चुका तुझ्या गच्चीवरचा असेल. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या कोवळ्या दाण्यांसाठी मात्र शेतातच जावं लागेल, तेवढी ऐट नको.

आणि हो, परवा मोंढ्यातून आणलेलं भेंडीचं पाकीट आत्ता फोडू नकोस. थंडीत भेंडी रुसून बसते. जानेवारी सरता सरता, गारठा कमी झाला की लाव. परभणीच्या कृषी विद्यापीठानं केवडा रोगाला टिकावी म्हणून काढलेली 'परभणी क्रांती' मिळाली तर तीच घे. चार-पाच दिवसांत उगवेल, दीड महिन्यानं फूल येईल, फिकट पिवळं, आत जांभळा डोळा. सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं, त्यामुळं ऑफिसला जायच्या आधी बघून जा. फूल दिसल्यापासून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायची. एखादी पानाआड राहून गेली तर ती काठीसारखी निबर होते, ती बियांना ठेव. हातमोजे घाल, लव खाजते. आणि पाकिटातले चार दाणे मला राख, माझं बी यंदा उंदरांनी खाल्लं.