पराभूत संघाचे पुढे काय होते?
(पुणे वॉरियर्स संघाच्या तीन हंगामांचा अभ्यास)

क्रीडेविषयी आपल्याकडे जे लेखन होते ते बहुतेक विजेत्यांविषयी असते. कोणी किती धावा काढल्या, कोणी चषक उचलला, यांची नोंद पुन्हा पुन्हा होते. परंतु कोणत्याही स्पर्धेत विजेता एकच असतो आणि बाकीचे सारे हरलेले असतात. तेव्हा खेळाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने हरणाऱ्यांकडेही पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात अशाच एका हरलेल्या संघाचा विचार करावयाचा आहे. हा संघ आपल्याला परका नाही. त्याच्या नावात पुणे होते. आणि आपल्या शिक्रापुराहून चाकणमार्गे तळेगावाकडे जो रस्ता जातो, त्याच्या पलीकडच्या टोकापासून जवळच, गहुंजे येथे, त्याचे घरचे मैदान होते. इंडियन प्रीमियर लीग या क्रिकेट स्पर्धेत २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे हा संघ खेळला आणि नंतर नाहीसा झाला. तो 'पुणे वॉरियर्स' संघ होय.

संघाचा जन्म

मार्च २०१० मध्ये आयपीएल स्पर्धेतील दोन नव्या संघांच्या मालकीहक्कांचा लिलाव झाला. त्यात पुण्याच्या संघासाठी सहारा उद्योगसमूहाने ३७ कोटी डॉलरची, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १,७०० कोटी रुपयांची बोली लावली. ही रक्कम दहा वर्षांत फेडावयाची होती. तोपर्यंत त्या स्पर्धेतील कोणत्याही संघासाठी एवढी मोठी बोली लागली नव्हती. थोडक्यात, संघाकडे पैसा नव्हता असे कोणालाच म्हणता येणार नाही.

परंतु संघाला आरंभी घर नव्हते. २०११ साली गहुंजे येथील मैदान तयार झालेले नसल्यामुळे 'पुण्याचे' घरचे सामने नवी मुंबईतील डी. वाय. पाटील मैदानावर खेळले गेले. युवराजसिंग कर्णधार होता. पहिले दोन सामने जिंकून संघाने आशा निर्माण केली आणि पुढचे सात ओळीने गमावले. चौदा सामन्यांत ४ विजय, ९ पराभव आणि १ अनिर्णित, असा हिशेब होऊन दहा संघांत तो नववा आला.

२०१२ : नऊ पराभवांची माळ

दुसरा हंगाम सुरू होण्यापूर्वीच संकटे आली. युवराजसिंगला कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि तो उपचारांसाठी अमेरिकेत गेला. त्याच्यावर खर्च झालेली रक्कम बदली खेळाडूसाठी लिलावात वापरू द्यावी, अशी मालकांची एक मागणी होती. ती आणि इतर मागण्या मान्य न झाल्याने ४ फेब्रुवारी २०१२ रोजी, म्हणजे खेळाडूंच्या लिलावाच्याच दिवशी, सहाराने नियामक मंडळाशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. पुढे काही दिवसांत समेट झाला, पण लिलाव होऊन गेला होता. इतर संघांनी ज्या दिवशी आपली उणीव भरून काढली, त्या दिवशी पुण्याची खुर्ची रिकामी होती.

तरीही हंगामाचा आरंभ उत्तम झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सौरव गांगुलीच्या नेतृत्वाखाली संघाने ६ एप्रिलला मुंबईत जाऊन मुंबई इंडियन्सला हरविले. ८ एप्रिलला गहुंजे येथील नव्या मैदानावर पहिल्याच सामन्यात पंजाबवर विजय मिळविला. मागील दोन वर्षांच्या विजेत्या चेन्नई संघालाही याच मैदानावर नमविले. पहिल्या ७ सामन्यांत ४ विजय झाले होते. त्यानंतरचे ९ सामने मात्र संघाने ओळीने गमावले.

या नऊ पराभवांचे स्वरूप सारखे नव्हते. ३ मे रोजी घरच्या मैदानावर मुंबईकडून एका धावेने हार झाली. ५ मे रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर सात धावांनी. त्या दिवशी गांगुली आपल्याच गावात परक्या संघाचा नायक म्हणून उतरला होता, आणि प्रेक्षकांची निष्ठा दोन्हीकडे विभागली गेली होती. एका धावेचा आणि सात धावांचा पराभव कौशल्याच्या अभावाने होतो असे म्हणता येत नाही. जिंकण्याची सवय मोडली की अटीतटीच्या क्षणी हात आखडतो, असेच येथे म्हणावे लागेल. हंगामाअखेर नऊ संघांत पुणे नववे होते.

२०१३ : शेवट

तिसऱ्या हंगामाचे पहिले दोन सामनेही संघ हरला. मागील वर्षाचे नऊ आणि हे दोन मिळून ओळीने ११ पराभव झाले. ११ एप्रिलला राजस्थानला हरवून ही माळ तुटली आणि चारच दिवसांनी चेन्नई संघाला चेन्नईत धूळ चारली. आता संघ सावरला असे वाटत असतानाच पुन्हा नऊ पराभवांची दुसरी माळ सुरू झाली.

तिच्यातील एक पराभव क्रिकेटच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. २३ एप्रिल २०१३ रोजी बंगळूर येथे ख्रिस गेलने पुण्याच्या गोलंदाजीवर ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा काढल्या. त्यांत १७ षटकार होते आणि शतक अवघ्या ३० चेंडूंत पुरे झाले होते. बंगळूरच्या ५ बाद २६३ धावांना उत्तर देताना पुण्याला १३३ धावाच करता आल्या. २६३ धावांचा तो उच्चांक २०२४ पर्यंत, म्हणजे ११ वर्षे टिकला. गेलच्या पराक्रमाची आठवण जेव्हा जेव्हा निघते, तेव्हा समोरचा संघ कोण होता हे सांगण्यापुरते पुणे वॉरियर्सचे नाव घेतले जाते.

या एका हंगामात अँजेलो मॅथ्यूज, रॉस टेलर आणि आरॉन फिंच अशा तिघांनी कर्णधारपद सांभाळले. मॅथ्यूज श्रीलंकेचा, आणि तमिळ प्रश्नावरून त्या वर्षी श्रीलंकेच्या खेळाडूंना चेन्नईत खेळण्यास बंदी होती. म्हणजे एका शहरात तर संघाच्या नायकालाच मैदानावर उतरता येत नव्हते.

एवढे होऊनही संघाने शेवटचे दोन्ही सामने जिंकले. १९ मे रोजी गहुंजेच्या मैदानावर दिल्लीचा पराभव करून हंगाम संपला. त्यानंतर दोनच दिवसांनी, २१ मे रोजी, सहाराने स्पर्धेतून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये नियामक मंडळाने करार रद्द केला. तीन वर्षांचा एकूण हिशेब असा राहिला : सामने ४६, विजय १२, पराभव ३३, अनिर्णित १.

संघ कशामुळे संपला?

सतत हरल्यामुळे संघ बंद पडला, असे सहज बोलले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. वाद पैशाचा होता. नव्या संघांसाठी बोली मागविताना एका हंगामात ९४ सामने होतील असा हिशेब होता. प्रत्यक्षात २०११ मध्ये ७४ सामने झाले. सामने कमी झाले म्हणून वार्षिक शुल्कही कमी व्हावे, असे मालकांचे म्हणणे होते. मंडळाने ते मान्य केले नाही, आणि शुल्क पूर्ण न भरल्यामुळे मे २०१३ मध्ये त्यांची बँक हमी वटविली. त्यावरून संबंध तुटले. यात कोणाची बाजू खरी हा या लेखाचा विषय नाही. मैदानावरील ३३ पराभवांपेक्षा कार्यालयातील एका वादाने संघाचे आयुष्य ठरविले, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

याला दोन पुरावे देता येतील. पहिला दिल्लीचा. दिल्लीचा संघ २०११, २०१३, २०१४ आणि २०१८ या वर्षी गुणतक्त्यात तळाला होता. २०१४-१५ मध्ये त्यानेही ओळीने ११ सामने गमावले. तरी तो संघ टिकला आणि २०२० मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

दुसरा पुरावा पुण्याचाच आहे. दोन जुन्या संघांवर बंदी आल्यामुळे २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांपुरता पुण्याला 'रायझिंग पुणे' हा दुसरा संघ मिळाला. पहिल्या वर्षी तो आठांत सातवा आला. दुसऱ्या वर्षी थेट अंतिम फेरीत पोहोचला आणि २१ मे २०१७ रोजी हैदराबाद येथे मुंबईकडून एका धावेने हरला. उपविजेता झालेला हा संघ त्यानंतर विसर्जित झाला, कारण करारच दोन वर्षांचा होता. तळाला राहिलेला पुण्याचा संघ संपला आणि शिखरापासून एका धावेवर राहिलेलाही संपला. मग हार-जीत हे संघाच्या मरणाचे कारण कसे मानावे?

हरणाऱ्यांसाठी व्यवस्था

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जरा दूर पाहू. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचा 'फुटबॉल' अत्यंत लोकप्रिय आहे. १९७६ मध्ये तेथील व्यावसायिक स्पर्धेत टँपा बे हा नवा संघ उतरला आणि त्या हंगामातील चौदाच्या चौदा सामने हरला. पुढच्या वर्षीचे पहिले बाराही त्याने गमावले. म्हणजे ओळीने २६ पराभव! परंतु १९७९ मध्ये हाच संघ अंतिम सामन्याच्या आधीच्या फेरीपर्यंत गेला, आणि जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला. त्या स्पर्धेत एक नियम आहे. महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड करताना सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला पहिली संधी दिली जाते. हरलेल्याला उभे राहण्यासाठी हात देण्याची ही योजना आहे. इंग्लंडमधील फुटबॉलमध्ये याउलट तळाचे संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. तथापि सामान्यतः क्लब, मैदान आणि प्रेक्षक जागेवर राहतात, आणि परत वर येण्याची वाट खुली असते.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. रणजी स्पर्धेत महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे विजेतेपद मिळविले. तेव्हाचे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर हे पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते, हे आपल्या प्राध्यापकवर्गास विशेष आवडेल! त्यानंतर आठ दशके उलटून गेली, पण महाराष्ट्राला तो चषक पुन्हा मिळालेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये संघ अंतिम सामन्यात हरला. तरीही महाराष्ट्राचा संघ दर वर्षी मैदानात उतरतो. पुणे वॉरियर्सचा करार ज्या हंगामात रद्द झाला, त्याच २०१३-१४ च्या हंगामात पुण्याच्या केदार जाधवने रणजी स्पर्धेत १,२२३ धावा काढल्या. हा फलंदाज पुणे वॉरियर्सकडून कधी खेळला नव्हता. संघाच्या नावात पुणे होते, पण पुण्याच्या मातीतून वर येणाऱ्या खेळाडूंशी त्याचे नाते किती होते, हे या एका गोष्टीवरून ध्यानात येते.

कबड्डीतील 'पुणेरी पलटण' हे त्याहून जवळचे उदाहरण होय. प्रो कबड्डी स्पर्धेच्या पहिल्या दोन्ही हंगामांत, म्हणजे २०१४ व २०१५ मध्ये, हा संघ आठांत आठवा होता. क्रिकेटमधील पुण्याप्रमाणेच त्याचीही थट्टा झाली. परंतु संघ टिकून राहिला. त्याने 'युवा पलटण' या नावाने तरुण खेळाडू घडविण्याचे काम सुरू केले. १ मार्च २०२४ रोजी दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात हरयाणाला २८-२५ असे हरवून पलटण विजेती ठरली, तेव्हा कर्णधार होता अस्लम इनामदार, आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील तरुण.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, पराभव हा संघाचा आजार असतो. तो मरणच होईल असे नाही. संघ जगतो की नाही हे तीन गोष्टींवर ठरते : हरल्यानंतर पुन्हा उभे राहण्यासाठी स्पर्धेने ठेवलेली वाट, चालविणाऱ्यांचा धीर, आणि ज्या गावाचे नाव घेतले त्या गावात रुजलेली मुळे. पुणे वॉरियर्सकडे पैसा होता, नामांकित खेळाडू होते, पुढे मैदानही मिळाले. या तीन गोष्टी मात्र त्याला लाभल्या नाहीत.

आपल्या भागातील गावोगावचे संघ पाहा. यात्रेतील कबड्डीच्या सामन्यांत वा उन्हाळ्यातील टेनिस चेंडूच्या स्पर्धेत एखादा संघ पहिल्याच फेरीत बाद होतो. लोक चार दिवस चिडवितात. पुढच्या वर्षी तीच पोरे, त्याच गावाचे नाव छातीवर घेऊन पुन्हा प्रवेश फी भरतात. त्यांचा संघ कोणी विकत घेतलेला नसतो, म्हणून तो कोणाला बंदही करता येत नाही. गहुंजेच्या मैदानावर २०१८ मध्ये चेन्नईचे घरचे सामने झाले आणि पुणेकरांनी चेन्नईसाठी टाळ्या वाजविल्या. त्यांचा त्यात दोष नव्हता. टाळी वाजवावी असा स्वतःचा संघच त्यांच्याकडे उरला नव्हता.

आपल्या महाविद्यालयाचे संघही विद्यापीठाच्या स्पर्धांत कधी जिंकतील, कधी हरतील. संघ हरून परत येईल त्या दिवशी त्याची पुढच्या वर्षीची तयारी कोण करणार, हा प्रश्न आपण विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी मिळून विचारला, तर या अभ्यासाचे सार्थक झाले असे मी मानीन.